घासलेली काच

डॉक्टर म्हणाले, घासलेल्या काचेसारखं दिसतंय.
फिल्म उजेडाला धरून, अगदी सहज.
त्यांना कसं माहीत असणार,
तुर्भ्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मी
काचच घासतोय.
बाथरूमची दारं, दवाखान्यांची पार्टिशनं,
कुणाच्या देवघराला कमळ, कुणाच्या ऑफिसला आडव्या पट्ट्या.
वाळूचा मारा, तोंडाला रुमाल,
संध्याकाळी पापण्यांवर पांढरं पीठ.
पलीकडे माणूस आहे एवढं दिसावं, कोण ते कळू नये,
याचे मला पैसे मिळतात.

आता पोरीच्या उजव्या मांडीत तेच.
खुब्यापासून वीतभर खाली
हाडाच्या जागी धुरकट.

कॅन्सर नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं.
वैजयंताचा तोंडाशी धरलेला पदर खाली आला.
मग काय आहे?
हाडाला हाड व्हायचं होतं, जमलं नाही,
मधेच धागे होऊन बसलं.
फायब्रस डिस्प्लेसिया.
ऑर्डरबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतलं,
त्याच्या वर घणसोलीच्या डोंगऱ्यांचं माप,
सत्तावीस बाय बहात्तर.

वर्षभर लंगडत होती.
आम्ही म्हणालो, वाढीचं वय आहे.
म्हणालो, दप्तर एकाच खांद्यावर घेतेस.
मी तर एकदा म्हणालो, नाटकं करू नकोस.
हे वाक्य कुठल्याच फिल्मवर येत नाही.

त्या रात्री फिल्म खिडकीच्या तावदानाला लावली.
मागे बेलापूर रोडचे दिवे.
घासलेल्या काचेवर ओलं बोट टेकवलं
की तेवढ्या जागेतून आरपार दिसतं,
सुकेपर्यंत.
कारागिराची खोड, दुसरं काय.
बोट जिभेला लावलं, मांडीवर टेकवलं.
वैजयंता केव्हाची मागे उभी होती.
काय करताय, असं विचारलं नाही तिनं.
तिनंही बोट ओलं केलं.

नेरूळच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं.
नुसतं खरवडून भरलं तर पुन्हा तसंच होईल.
वर हाड वाकलंय, धनगराच्या काठीसारखं.
दोन जागी कापून सरळ करू,
आतून सळई घालू गुडघ्यापर्यंत.
आजार जाणार नाही. भार सळई घेईल.
तिथे मला हा माणूस आवडला.
मीही गिऱ्हाइकाला असंच सांगतो,
ओरखडा जात नाही साहेब, फ्रेम मजबूत करून देतो.

भूल देणाऱ्या बाईंनी कागदावरचं नाव वाचलं.
शलाका. अर्थ काय गं?
माहीत नाही, आत्यानं ठेवलंय.
सळई, बाई म्हणाल्या,
आणि दोघीही हसल्या, स्ट्रेचर हलेपर्यंत.

ऑपरेशनच्या दाराला काच होती, घासलेली.
काम चांगलं होतं, कडा एकसारख्या, कुठे डाग नाही.
कुणी केली असेल?
सव्वाचार तास त्या काचेमागे
हिरवं काहीतरी हलत राहिलं.
कोण ते कळलं नाही.

नव्या फिल्मवर धुरकट तसंच आहे.
फक्त त्यातून एक पांढरी रेघ उभी,
वर तिरपा स्क्रू.
ती फिल्म मी तावदानाला लावली नाही.

वॉकर सुटायला पावणेचार महिने गेले.
पाय पूर्ण टेकला त्या दिवशी म्हणाली,
बाबा, घर कललंय.
उजवा पाय पंधरा एमएम कमी पडतो,
काटछाटीत तेवढं जायचंच.

सानपाड्याच्या पुलाखाली सदाफुलेमामा बसतात.
उजव्या चपलेचा तळ वाढवा, म्हणालो,
पंधरा एमएम, बरोब्बर पंधरा.
त्यांनी पट्टी घेतली नाही.
तिला सरळ उभं राहायला सांगितलं,
टाचेखाली हात घातला,
थोडा वेळ तसाच ठेवला,
म्हणाले, एक बोट.